तिच्या नावाचं कार्ड

मशीनचे सगळे हप्ते माझ्या बायकोनं भरले आणि त्याचं कौतुक मी घेतलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

ती घरीच ब्लाउज शिवते. बऱ्याच वर्षांपूर्वी तिनं मोटरवाली शिलाई मशीन घेतली, तेव्हा दुकानदारानं विचारलं, पगाराची स्लिप कुणाची आहे? ती माझी होती. मी चितेगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. कर्ज माझ्या नावावर झालं. दर महिन्याला ती शिलाईचे पैसे माझ्या हातात ठेवायची आणि मी ते बँकेत भरायचो. एकदाही उशीर झाला नाही, कारण पैसे दिल्यापासून संध्याकाळपर्यंत ती तीनदा विचारायची, "भरले का?"

गेल्या वर्षी तिला इंटरलॉकची मशीन घ्यावीशी वाटली. कपड्यांच्या कडा बांधायला ती बाहेर द्यायची, त्यात दिवस मोडायचा. पुन्हा तेच दुकान. दुकानदारानं तिचं पॅनकार्ड तपासलं आणि म्हणाला, "ताईंच्या नावावर काहीच दिसत नाही. सरांच्या नावावर करू."

"राहू द्या," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

आमच्या गल्लीत भिशी चालवणाऱ्या एक आपा आहेत. त्यांचं लेस आणि बटणांचं छोटं दुकान आहे. त्यांनी तिला सांगितलं, आधी एक लहानसं क्रेडिट कार्ड घे, थोडंथोडं वापर, वेळेवर भर, म्हणजे बँकेच्या कागदावर नाव लागतं. मी लगेच विरोध केला. कार्ड म्हणजे उधळपट्टी, असं बरंच काही बोललो. खरं कारण वेगळं होतं. त्या महिन्याची भिशी तिला लागली होती आणि त्या पैशांत माझ्या मोटरसायकलचं काम करून घ्यायचं, असं मी मनात धरून बसलो होतो. तिला विचारलंही नव्हतं.

शेवटी बँकेत गेलो. टेबलामागची मुलगी आमच्या मुलीच्या वयाची असेल. माझं खातं जुनं म्हणून तिनं आधी माझीच माहिती उघडली.

"सर, तुमचं रेकॉर्ड फार छान आहे. मशीनच्या कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही. एवढी शिस्त कमी लोकांना असते."

मी "थँक्यू" म्हणालो. बायको शेजारीच बसली होती. तिनं पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

मग बायकोचा पॅन नंबर टाकला. मुलीनं स्क्रीन वर-खाली करून बघितली. "मॅडमनी कधी कर्ज घेतलेलं दिसत नाही. म्हणजे चांगलं नाही, वाईटही नाही. काहीच नाही." मग तिनं सोपी वाट सांगितली. माझ्या नावावर कार्ड काढायचं आणि त्यालाच जोडून बायकोला दुसरं द्यायचं. मी फॉर्म पुढं ओढला आणि पेनचं टोपण काढलंसुद्धा.

"थांबा जरा," बायको म्हणाली. "त्या कार्डाचे पैसे मी टायमावर भरले, तर नाव कुणाचं व्हईल?"

"सरांचं, काकू. मुख्य कार्ड त्यांचं असेल ना."

"मंग नको. आपांनी सांगितलंच व्हतं, ‘भाभी, मियाँ के कार्ड का कार्ड नक्को लेव.’"

मुलगी हसली आणि तिनं दोन माहितीपत्रकं काढली. एकावर सिनेमाची तिकिटं, पॉइंट्स, विमानतळावरची बसायची सोय असं सगळं होतं. दुसरं साधं होतं: बँकेत ठेव ठेवायची आणि तिच्या आधारावर कार्ड मिळायचं, वर्षाची फी नाही. पहिलं नाकारलं जाण्याची शक्यता जास्त, आणि अर्ज केल्याची नोंदही राहते, असं मुलीनं सांगून टाकलं. बायकोनं साडीचा पोत बघावा तसे दोन्ही कागद आलटूनपालटून बघितले.

"उशीर झाला तर?"

"व्याज आणि दंड. व्याज जड असतं, काकू."

"आन समदं टायमावर भरलं तर?"

"एक रुपयाही जास्त नाही."

"ठेव परत मिळती?"

"कार्ड बंद केलं की मिळते. व्याजासकट."

"मंग हेच. इमानात बसून मला कुठं ब्लाउज द्यायला जायचंय?"

ठेवीसाठी तिनं भिशीची रक्कम सांगितली. मी "पण..." एवढंच म्हणालो.

"गाडीचं ना? ठावं हाय मला. महिनाभर टायरकडं बघताय."

बाहेर गाड्यावर चहा घेताना मात्र मला राहवलं नाही. म्हणालो, "ते हप्ते तुझे होते. मी तिथंच सांगायला पायजे होतं."

"व्हय. पण तुमचं तोंड थँक्यू म्हणण्यात गुंतलं व्हतं."

ती हे रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती बिस्कीट चहात बुडवत होती. मी ग्लास ठेवला आणि परत आत गेलो. मुलीपुढं दुसरं गिऱ्हाईक होतं, ते उठेपर्यंत थांबलो आणि सांगितलं, मशीनचे हप्ते बायकोनं शिलाईतून भरले, माझी शिस्त नव्हे ती. मुलगी गोंधळली. मग हळूच म्हणाली, "काका, असं लिहायला इथं रकाना नाही."

बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाली?"

"रकाना नाही म्हणाली."

"म्हणूनच कार्ड घेतलं," ती म्हणाली आणि माझा गार झालेला चहा गाडेवाल्याला गरम करायला दिला.

कार्ड दोन-तीन आठवड्यांत आलं. त्यावर तिचं पूर्ण नाव होतं. वापर तिनं दोनच गोष्टींना ठेवला, लाइटबिल आणि फोनचं रिचार्ज. बिलाचा मेसेज आला की त्याच दिवशी पैसे भरते. पिन मला सांगितलेला नाही आणि मी विचारलेला नाही. माझी मोटरसायकल दिवाळीच्या बोनसमधून नीट झाली. तेवढी गाडी थांबू शकत होती.

गेल्या महिन्यात इंटरलॉकच्या कर्जासाठी आम्ही परत त्याच टेबलासमोर बसलो. मुलीनं या वेळी स्क्रीन बायकोकडं वळवली. तिथं आता तिच्या क्रेडिट स्कोअरचा आकडा होता.

"चांगला हाय का?" बायकोनं विचारलं.

"सुरुवातीला हवा तसा आहे. काकू, सहकर्जदार म्हणून काकांना घ्यायचं का? त्यांना घेतलं तर व्याज थोडं कमी बसेल. नाहीतर तुमच्या एकटीच्या नावावरही होईल."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरचं पेन तिच्यापुढं सरकवलं.

"एकटीच्याच करा," ती म्हणाली. "त्यांच्या नावावर लई झालं."

मग ती एकेका पानावर सावकाश सही करत गेली. मला कुठंच सही करायची नव्हती. मी तिची पर्स मांडीवर धरून बसलो होतो.