कोऱ्या पाण्यातला हिरवा उजेड

माझ्या मैत्रिणीला प्रयोगशाळेत सगळे ‘चिकटी’ म्हणतात. एकदा धरलं की सोडत नाही. भांडी तीनदा धुते, चौथ्यांदा उजेडात धरून बघते. आमच्या खोलीतला माझा चहाचा कपही तिच्या तावडीतून सुटत नाही.

चार वर्षं खपून तिने एक रसायन बनवलं. जस्त भेटलं की ते जांभळ्या दिव्याखाली हिरवं चमकतं. आधी पाण्यातलं जस्त ओळखायचं, मग जिवंत पेशींतलं. पण तीन आठवडे जस्त नसलेलं शुद्ध पाणीही चमकत होतं. तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं: उद्या दुपारपर्यंत शुद्ध पाणी अंधारं दाखव, नाहीतर हे रसायन सोड.

त्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा ती पुन्हा नळ्या धूत होती.

“जितकं घासतेय तितकं चमकतंय,” ती म्हणाली.

“बाई गं, पाणी आहे ते, पितळेचं भांडं नाही.” हा शेजारच्या टेबलावरचा दादा, तिचा सीनियर, आळशांचा राजा. “आण, मी करतो.”

ती नेहमी हातमोज्याच्या अंगठ्याने नळीचं तोंड दाबून हलवायची. दादाने मोजे घातलेच नाहीत. शुद्ध पाण्यात रसायनाचा थेंब टाकला, प्लास्टिकचं झाकण लावलं आणि नळी हलवली.

“मोजे?”

“साध्या पाण्याला कसलं सोवळं?”

नळी दिव्याखाली धरली. अंधार.

चिकटी स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग रबरी मोज्याचं बोट कापून तिने शुद्ध पाण्यात बुडवलं, वर रसायनाचा थेंब टाकला. दिव्याखाली पाणी हिरवंगार.

“रबर पक्कं करायला त्यात जस्त घालतात,” ती हळूच म्हणाली. “परीक्षेत लिहिलंय मी हे. तीन आठवडे माझाच अंगठा मोजत होते.”

रसायन एकदाही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काम टाकून गेले. सर आले, सवयीने मोजे चढवले, नळीकडे हात नेला.

“सर, हात मागे घ्या,” चिकटी म्हणाली. चार वर्षांत ती सरांशी मान वर करून बोलली नव्हती. दादा छताकडे बघू लागला.

सरांनी मोजे काढले. दिवा लागला. पाणी अंधारं. तिने जस्ताचा एक थेंब सोडला. हिरवा उजेड तळापर्यंत गेला.

सर बराच वेळ वाकून बघत होते.

“पेशी कधी वाढवायला घेतेस?”

“घेतल्यात, सर. परवाच.”