माल ओला हाय, साहेब!

मला सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर? देवावर, स्वतःच्या अकलेवर, की पोटच्या पोरीवर? मी पहिल्या दोघांवर ठेवला, अन् असा आपटलो की अजून वर मान करवत नाही. चहा घ्या, सांगतो.

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माझी आडत. शाळा बेताची, पण मुठीत हरभरा धरला की ओल किती ते सांगतो. पोरगी गौरी मात्र इंजिनिअर. पुण्याची नोकरी सोडली, लातूरला शेड घेतलं अन् मशीन बांधायला बसली. एआयच्या मोठमोठ्या संगणकांत मेमरी चिप्स बसतात ना, त्या तापवून तपासायचं मशीन. चिप खाचेत ठेवायची. खाली केसासारख्या बारीक पिना. त्या चिपला शिवून विचारणार, सांगितलेलं ध्यानात हाय का न्हाई? या मशीनपायी पोरीनं लग्नाचं नावसुद्धा काढू दिलं नाही. अन् त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक येणार होतं!

गौरी साहेबांना आणायला स्टेशनवर गेली. मी शेडात एकटा. मनात आलं, एवढं मशीन, अन् साधी पूजा न्हाई? आम्ही दुकान उघडलं की काट्याला भस्म लावतो. तेही कुठं? जिथं माल बसतो तिथं! वरच्या पत्र्याला लावून काय उपयोग? उघडलं झाकण अन् ओढली भस्माची तीन बोटं खाचेवरून. दाबून!

साहेब आले. बेळगावकडचे, गोड बोलणारे. पारखून आणलेली चिप त्यांनी बसवली. लाल दिवा. दुसरी बसवली. लाल. तिसरी... लालच!

गौरीचा चेहरा उतरला. "थांबा, खाच उघडून बघते."

मी तिचा हातच धरला. गिऱ्हाईकासमोर काटा उघडायचा नसतो, हे मोंढ्यातलं शेंबडं पोरही जाणतं!

"साहेब," मी म्हणालो, "मशीन झकास हाय. माल ओला हाय तुमचा."

"ओला? अहो, चिप आहे ती, सोयाबीन नाही!"

"सगळे असंच म्हणतात. घडीभर उन्हात टाका."

"अप्पा, गप बसा हो!"

"कशाला गप? खराब माल आणायचा अन् माझ्या पोरीच्या मशीनला नावं ठेवायची?"

साहेब खुर्चीतून उठलेच.

गौरीनं हात झटकला, झाकण उघडलं, भिंग लावलं. पिनांत राखाडी भुकटी. कितीतरी पिना वाकलेल्या. तिनं वर पाहिलं, ते सरळ माझ्या कपाळाकडं. कपाळावर तीन पट्ट्यांचा पुरावा घेऊन माणूस पळणार कुठं?

नवी खाच परदेशातून यायची. साहेबांना तेवढी सवड नव्हती. हात जोडून गेले, ते गेलेच.

उदगीरच्या वाटेवर एसटीत गौरी काचेबाहेर बघत बसलेली. शेवटी मीच म्हणालो, "बाळा, मशीन बिघडवलं मी."

"बिघडलं कुठं, अप्पा? लाल दिवा लावून लावून ते तुमचंच नाव सांगत होतं. तुम्ही ऐकू दिलं न्हाई."



तेव्हा विनंती एवढीच. ही गोष्ट तुम्ही मोंढ्यात सांगणार, मला ठाऊक आहे. सांगा, पण हिशेब खरा ठेवा. साहेबांच्या चिप्स पास. गौरीचं मशीन पास. ओला निघाला तो माल उदगीरचाच.