मानेवरची गाठ आणि माझा बिब्बा

"सुईच्या तपासणीत काही ठरत नाही. लिम्फोमा असू शकतो," सोलापूरचे डॉक्टर म्हणाले. लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. मग माझा मफलर बाजूला सारून म्हणाले, "गाठ अख्खी काढून तपासू. पण ही कातडी कशानं भाजली?"

"सायलेन्सरला लागली," मी म्हणालो.

"मान?"

शेजारी बसलेली बायको, सुनंदा, उसळली. "खोटं बोलतेत साहेब. बिब्बा लावलाय!"

आमच्या तामलवाडीत कुणाचा पाय मुरगळला की बोलावणं मला येतं. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की डाग द्यायचा. कानाखाली लिंबाएवढी गाठ आली, तसा आरशात बघून मी स्वतःवरच हात चालवला. गाठ जागेवर राहिली, कातडी गेली. वर पू झाला.

"जखम भरेपर्यंत ऑपरेशन नाही," डॉक्टर म्हणाले.

तीन आठवडे गेले. आत कॅन्सर असला तर त्याला एवढी सवलत मीच दिली होती, ती पण फुकट, घरपोच. जेवण जाईना. उसाकडं बघितलं की वाटायचं, हा कारखान्याला जाईल तेव्हा आपण असू का?

सुनंदाला म्हणालो, "बोअरची मोटर चालू करायला शिकून घे."

"मला न्हाय शिकायचं. तुमी हाय की खटका दाबायला."

चारदा सांगितलं. चारदा उठून गेली.

शेवटी गाठ काढली. पुन्हा आठ दिवस रिपोर्टची वाट. नाव पुकारलं तेव्हा मी मफलरच गुंडाळत बसलो. सुनंदानं दंडाला धरून आत नेलं.

"कॅसलमन डिसीज," डॉक्टर म्हणाले. "लसिकाग्रंथी उगीच वाढते. दुर्मिळ आहे, पण कॅन्सर नाही. तुमची एकाच जागी होती, ती निघाली. तपासणीला मात्र येत राहा."

मी तिथंच हुंदके देऊन रडलो. मफलर कामाला आला.

गावात उतरल्यावर सुनंदा घरी न जाता शेताकडं वळली. मागं गेलो, तर बाईनं खटका दाबून उसाला पाणी सोडलेलं.

"तुला येतंय व्हय?"

"लई वर्सं झाली."

"मग शिकायचं न्हाय का म्हणत होतीस?"

"येतंय म्हणलं असतं, तर तुमी मरायला मोकळे झाला असता."

मानेवर गाठ दिसली तर आधी डॉक्टरला दाखवा. माझ्याकडं येऊ नका. बिब्बे सुनंदानं चुलीत घातलेत.