नवव्या पानापासून

सिंदी स्टेशनच्या मालधक्क्यावर कापसाच्या गाठी चढवल्या की खाली पांढरा कचरा सांडायचा. तो झाडण्याचं काम धुरपताकडे होतं. माझे यजमान तिथे सहायक स्टेशनमास्तर होते आणि आमचं क्वार्टर धक्क्यासमोरच, त्यामुळे ती मला रोज दिसायची. काही हवं असेल तर पायरीखाली उभी राहून बोलायची. ‘वर ये’ असं मीही कधी म्हटलं नव्हतं. छप्पन्नच्या ऑक्टोबरात ती आणि तिचा नवरा प्रेमदास नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. त्यानंतर ती पायरीशी थांबली नाही.

१४ जानेवारी १९५७ ची माझी नोंद अशी आहे : ‘धु. दुपारी ओट्यावर आली. हातात फाटकं पुस्तक. पहिली आठ पानं नाहीत.’

ती आठ पानं किराणावाल्याने पुड्या बांधायला वापरली होती. संक्रांतीची गर्दी होती. नववं पान फाडायला त्याने हात घातला, तेवढ्यात धुरपताला त्यावरचं चित्र दिसलं. तीळ तिने पदरात घेतले आणि पुडीऐवजी पुस्तकच मागून आणलं.

“बाई, हे पाहा. हे लोक कैची काऊन शिजवून राह्यले?”

चित्रात चुलीवर पातेलं होतं, वाफ निघत होती आणि आत खरंच कात्री होती. मला हसू आलं. मी खालचा मजकूर वाचून दाखवला. नाळ कापण्याचं हत्यार वीस मिनिटं पाण्यात उकळावं. तसं न केल्यास बाळाला धनुर्वात होण्याची भीती असते. पहिल्या आठवड्यात बाळ तोंड उघडेनासं होतं, दूध ओढत नाही, अंग ताठ होतं.

“अजून एकडाव वाचा.”

मी वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग ती ओट्यावर खाली बसली.

तिची दोन मुलं गेली होती. मुलगा आठव्या दिवशी, मुलगी सातव्या दिवशी. दोघांनीही आधी दूध ओढणं सोडलं होतं. तिची सासू तानाबाई मोहल्ल्याची सुईण होती आणि नाळ घरातल्या विळ्याने कापायची, तिच्या सासूने तिला शिकवलं होतं तशीच. दोन्ही वेळा तानाबाई म्हणाली होती, सटवाईनं कपाळावर एवढंच लिहिलं होतं. सटवाईला लिहिता यावं म्हणून पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. धुरपतानेही ती ठेवली होती.

“दोन्ही वेळा म्या कोरा कागद ठेवला, बाई. सकाळी पाह्यलं तं कोराच. अन् लिवलेलं इथं होतं. वाण्याच्या दुकानात.” पुस्तक मांडीवर घेऊन ती म्हणाली, “सासूनं मुद्दाम नाई केलं. तिले कोणी वाचूनच नाई दाखवलं.”

मग म्हणाली, “मले वाचाले शिकवा.”

दुसऱ्या दिवसापासून ती येऊ लागली. दुपारी दोनची मालगाडी गेली की झाडू भिंतीला टेकवायचा, हात धुवायचे आणि पाटी घ्यायची. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. एका उच्चारासाठी सिस्टर आम्हाला तासभर उभं ठेवत. तोच कडकपणा मी हिच्यावर चालवला. अक्षरं तिने तीन महिन्यांत उचलली. जोडाक्षरांना पाच लागले. अडचण निराळीच होती. छापलेलं ‘ला’ तिच्या तोंडातून ‘ले’ होऊनच बाहेर पडायचं.

“मला म्हण.”

“मला.”

“आता ही पुढची ओळ.”

“त्याले...”

मी डायरीत मोजदाद ठेवत असे. ‘आज मले सहा वेळा. त्याले चार. आईला या शब्दाचं मायले केलं.’ ती पानं आज उघडली की माझीच मला लाज वाटते.

संध्याकाळी ती तेच पुस्तक मोहल्ल्यात वाचून दाखवायची. एकदा मीही ऐकायला गेले. बायका भाकरीचं पीठ मळता मळता ऐकत होत्या. तानाबाई भिंतीशी पाठ टेकून बसली होती.

“कागद वाचून पोरं होतात काय वो?” ती म्हणाली. “मंग नवरे कायले पायजे?”

बायका खदखदून हसल्या. धुरपताही हसली आणि बोटाने ओळ धरून पुढे वाचू लागली. तानाबाई मात्र उठून गेली नाही, हे मी पाहिलं.

अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत माझ्या यजमानांनी बातमी आणली. वर्ध्याच्या एका दवाखान्यात सुईणींसाठी चार महिन्यांचा वर्ग निघणार होता. जागा बारा. वाचता येणं ही अट, आणि ते आधी बोलावून तपासणार होते. धुरपताला ते सांगितलं तेव्हा तिने फक्त दिवस कोणता ते विचारलं. तिची धाकटी जाऊ कांता नुकतीच दिवस गेल्याचं सांगत होती. कांता सासूच्याच हाताखाली बाळंत होणार, त्याच विळ्याने.

१० मार्चला आम्ही सकाळच्या पॅसेंजरने वर्ध्याला गेलो. धुरपताने पुस्तक फडक्यात गुंडाळून सोबत घेतलं होतं. तपासणी घेणाऱ्या सुलोचनाबाई दवाखान्याच्या मुख्य परिचारिका होत्या. त्यांनी विचारलं, “वाचायला काय आणलंय?” धुरपताने फडकं सोडलं. हेच पुस्तक त्यांच्या कपाटातही होतं. त्यांनी आपली प्रत काढून मधलं एक पान समोर ठेवलं.

धुरपताने बोट ठेवलं आणि वाचू लागली, “पोराले मायजवय निजवा. थंड वारं लागू देऊ नका...”

“पुरे,” सुलोचनाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “हिला वाचता येत नाही. कोणीतरी पुस्तक पाठ करून घेतलंय. इथे छापलंय ‘बाळाला आईजवळ निजवावे’. अक्षरांवर नजर असती तर ही ‘पोराले मायजवय’ म्हणाली असती का?”

चौदा महिने मी हेच तर बजावत होते. मला धुरपताचा रागच आला. आता कांताचं काय होणार, हे मनात आलं ते नंतर.

धुरपता जागची हलली नाही.

“बाई, म्या चूक नाई वाचलं. ज्याले वाचून दाखवाचं त्याले समजलं पायजे ना? आमच्याकडे आई कोणी म्हणत नाई. म्या ‘आईजवळ’ म्हटलं तं बाया म्हणतात, हे शयरातल्या बायांचं हाये, आपलं नाई.”

“पाठांतर करणारीही हेच सांगेल.”

“मंग पयलं पान द्या.”

“म्हणजे?”

“माह्या पुस्तकाले पयली आठ पानं नाईत. पुड्यांमंदी गेली. ती म्या जन्मात पाह्यली नाईत, या बाईनंही नाई. तुमच्याजवय हायेत.”

सुलोचनाबाईंनी तिचं पुस्तक उलटून पाहिलं. ते नवव्या पानापासूनच सुरू होत होतं. त्यांनी आपली प्रत पहिल्या पानावर उघडली.

धुरपता आधी नुसती पाहत राहिली. चौदा महिने जे पान तिच्याकडे नव्हतं, ते समोर होतं. मग बोट टेकवून तिने सावकाश सुरुवात केली. बाळंतिणीची खोली कशी असावी, असा तो मजकूर होता. “खोली सोच्छ... स्वच्छ असावी. बाळंतिणीले उजेड अन् हवा भेटावी. त्यासाठी खोलीले दोन खिडक्या...” ती थांबली. मला वाटलं, अडली. तिने मान वर केली.

“बाई, आमच्या घराले खिडकीच नाई. मंग का करावं? दोन कवेलू सरकवले तं चालन?”

सुलोचनाबाईंनी प्रत मिटली. छपराची कौलं सरकवून उजेड घ्यायचा, हे पुस्तकात कुठेच नव्हतं.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “पाऊस नसेल तर.” त्यांनी यादी पुढे ओढली. “नाव सांगा.”

गाडीत धुरपता खिडकीशी बसली होती. सेलू मागे पडल्यावर मी म्हटलं, “इतके दिवस मी तुला उगीच टोकत होते.”

“टोकलं म्हणून तं दोन्ही येते, बाई,” ती म्हणाली. “मला बी अन् मले बी.”

चार महिने ती वर्ध्याला राहिली. परतली ती सुईणीची पेटी घेऊन. सप्टेंबरात कांताचे दिवस भरले. मी पाणी तापवायला म्हणून गेले होते. दिवसाउजेडीच सगळं झालं, वर दोन कवेलू सरकवलेले होते. धुरपताने कात्री उकळत टाकली. तानाबाई दाराशी उभी होती. हातात विळा होता, आणि तो घेऊन काय करावं ते तिला कळत नव्हतं.

“माय, इकडं आणा,” धुरपता म्हणाली. “कैची बोथट निंगाली तं तोच कामी येईन.”

तानाबाईने विळा स्वतःच्या हाताने पातेल्यात सोडला. “शिजव मंग,” ती म्हणाली. “म्हातारा हाये, जरा जास्तच शिजव.”

कात्री बोथट निघाली नाही. मुलगी झाली. पुढचे सात दिवस मी रोज सकाळी मोहल्ल्यात जात होते आणि प्रत्येक वेळी दारात क्षणभर थांबत होते. आठव्या दिवशी घरी आले आणि डायरी उघडली. एकच ओळ लिहिली. नंतर पुष्कळदा वाचली, पण सुधारली नाही :

‘आठवा दिवस. पोरगी दूध पिऊन राह्यली.’