तड्यातली साल

शेजारी नवी इमारत उठते आहे. सकाळी खिडकी उघडली की ओल्या सिमेंटचा वास आत येतो आणि मी अजूनही ती लगेच लावून घेते.

साठच्या दशकात मी रनाळ्याजवळच्या एका खेड्यात शिक्षिका होते. शाळेच्या पहिल्या खोल्या बांधल्या तेव्हा सल्लागार इंजिनिअर गावातच मुक्कामाला होते. कालवलेला सिमेंट-वाळूचा माल ते हातात घेऊन पाहायचे, भिंत मनासारखी नसली की पाडायला लावायचे. पुढच्या खोलीच्या वेळी मुंबईचे नवे सल्लागार नेमले गेले. ते आले ते काम संपल्यावर, जीपमधून.

भिंतीला थेट छतापर्यंत तडा गेला होता. सरपंच हात जोडून म्हणाले, "साहेब, भीत फाटी ऱ्हायनी. पोरं आठेच बसतस." आठे म्हणजे इथे, त्या भिंतीखाली.

साहेब गावानं दिलेलं केळं खात होते. "मी फक्त नकाशावर सल्ला देतो. बांधणं हे ठेकेदाराचं काम," असं म्हणत त्यांनी केळ्याची साल त्याच तड्यात खुपसली, रुमालाला बोटं पुसली आणि ते जीपकडे निघाले.

ती साल मी उपसून काढली, तर तिच्याबरोबर मूठभर नुसती वाळू हातात आली. किळस आली ती सालीची नव्हे. त्या दिवसापासून मी वर्ग निंबाखाली भरवू लागले.

श्रावणातल्या एका रविवारी छत कोसळलं. आत कुणी नव्हतं.

तेव्हा वाटलं होतं, एक माणूस ओंगळ निघाला. पण छत का पडलं हे सांगायला सल्लागार म्हणून तेच साहेब पुन्हा आले. मुलींनी स्वागतगीत म्हणावं, असा मला वरून निरोप होता.

मी शाळेला सुट्टी दिली.