दोन मोटरींची एक टाळी

जळगावच्या कापसाच्या जिनात आम्ही बायका डोक्यावरच्या पाट्यांतून सरकी वाहून तेलाच्या गिरणीपर्यंत नेत असू. मी त्यांची मुकादमीण, पण पाटी मलाही चुकली नव्हती. एका हंगामात शेठजींनी सरकी वाहायला लांबलचक पट्टा बसवला. दोन्ही टोकांना एकेक ढोल, प्रत्येक ढोलाला वेगळी मोटर. दोन्ही ढोल एका वेगाने फिरले तरच पट्टा नीट चालणार. ते काही जमेना. एक पुढे धावे, दुसरा रेंगाळे, मध्ये पट्ट्याला झोळ पडे आणि सरकी आमच्या पायांवर. शेठजींनी सांगून टाकले की आज दिवेलागणीपर्यंत पट्टा चालला नाही तर तो उतरवायचा आणि हंगामभर पाट्याच वाहायच्या. ऐकूनच माझी मान दुखायला लागली.

भुसावळहून आलेल्या फिटरने पट्टा काढून ठेवला आणि दोन्ही ढोलांवर चुन्याची एकेक रेघ ओढली. मिनिटाला रेघ किती वेळा वर येते ते बायकांनी मोजायचे, तो एका मोटरीचे हँडल फिरवून वेग जुळवणार. मी एका ढोलापाशी धुळ्याकडच्या बायका उभ्या केल्या, दुसऱ्यापाशी यावलच्या. तिथेच चुकले. या दोन टोळ्यांचे पाण्याच्या नळावरच्या भांडणापासून वाकडे.

धुळेवाल्यांनी चाळीस सांगितले. ते ऐकून यावलवाल्यांचे पंचेचाळीस झाले. फिटरने हँडल फिरवले तशा धुळेवाल्या पन्नासवर गेल्या. बिचारा घामाघूम झाला. मी धुळेवाल्यांच्या ढोलाजवळ जाऊन स्वतः मोजले तर जेमतेम अडतीस. जाब विचारला तेव्हा एक जण सरळ म्हणाली, "आमनी मोटर मांगे पडाव नही."

मी टोळ्यांची अदलाबदल केली. आता ढोल वैरिणींचा, म्हणून दोन्हीकडचा आकडा तिसावर घसरला. फिटर पालथ्या पाटीवर बसला. "अक्का, मी जातो भुसावळला," म्हणाला.

उन्हे धुराड्याच्या टोकाला गेली होती. मी म्हटले, "बसा भाऊ. आता आकडा कोणीच बोलायचा नाही. रेघ वर आली की फक्त टाळी. जिची चुकेल तिला उद्या दोन पाट्या."

टाळ्या सुरू झाल्या. आधी इकडची, मग तिकडची, जशी एक दुसरीला वेडावते आहे. फिटर डोळे मिटून हँडल केसभर सरकवत होता. टाळ्या जवळ जवळ येत गेल्या, आणि अचानक साऱ्या जिनात एकच टाळी वाजू लागली. बायकांना हसू आवरेना. वैर विसरून त्या टाळीवर पाय टाकू लागल्या. मी दोनदा दटावले आणि तिसऱ्यांदा स्वतःच फेर धरला.

फिटरने हँडल तारेने बांधून टाकले आणि पट्टा चढवला. सरकी कुठेही न सांडता सरळ निघाली. दिवे लागताना शेठजी दारात आले. तोवर सरकीमागून आमच्या रिकाम्या पाट्याही पट्ट्यावर बसून गिरणीकडे चालल्या होत्या. शेवटची मी ठेवत होते. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारले.

"पट्टा," मी म्हटले.