पार्किंगमधला पडाव

दामूनाना एकट्या मुलाला कधीच बसवून घेत नसत. सोबत घरचं मोठं माणूस नसेल तर पोराला तसंच परत पाठवायचे, मग ते कितीही रडो. रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या कोपऱ्यात ते मुलांना लाकडाच्या छोट्या होड्या करायला शिकवत, आणि तेही फुकट. भिवंडीत फुकट म्हटलं की माणसं आधी खिसा चाचपतात.

त्यात बिल्डिंग उभी राहिली ती त्यांच्याच शेतावर. त्यामुळे म्हातारा पोरांना पुढे करून कोपरा बळकावणार, असं कमिटीचं ठाम मत. मला कमिटीपेक्षा जास्त शंका होत्या. मुलगी माझी होती. सत्तरीच्या माणसाचा दुसऱ्यांच्या पोरांत एवढा जीव का, हे मला समजेना. माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. म्हणून चौथीतल्या स्वरासोबत मीही जाऊन बसले, नजर नानांवर ठेवून.

त्यांनी ते लगेच ओळखलं. "शंका घे बाय, पन हितं बसून घे," म्हणाले आणि माझ्या हातात पॉलिश पेपर दिला. फळी घासायला लावली.

फळ्या वळ गावच्या गोदामांतून फेकून दिलेल्या खोक्यांच्या. त्यांतून ते एकच गोष्ट करत, पडाव. म्हणजे पूर्वी खाडीतून माल नेणारी शिडाची मोठी होडी. त्यांच्या वडिलांची होती तशी. नानाही काही कमी संशयी नव्हते. सरस वाळला असं मुलांनी सांगितलं तरी स्वतः बोट लावून बघत, आणि मुलं निघाली की करवत-पटाशी जागेवर आहे ना ते तपासत. आमचं जमलं ते बहुधा यामुळेच.

एकदा मी सरळच विचारलं, यात तुमचा मतलब काय?

"हाय ना मतलब," ते म्हणाले. "माज्या नातवाला ह्यो नाद न्हाय. बोलतो, आजोबा, टाइमपास हाय. मी गेलो का पडाव कसा व्हता ते सांगनार कोन? म्हनून तुमची पोरां धरली."

मला फार बरं वाटलं. मतलब कळला की माणसाची भीती वाटत नाही. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्यासाठी चहा नेऊ लागले, पण बसायचं काही सोडलं नाही.

गेल्या वर्षी नाना गेले. तेरावं झाल्यावर त्यांचा नातू कोपरा रिकामा करायला आला. तो सामान नेतोय की जागेवर हक्क सांगतोय, हे बघायला कमिटी हजर होतीच. त्याने अर्धवट राहिलेला एक पडाव उचलून खोक्यात टाकला, तशी स्वरा पुढे झाली.

"असा नका ठेवू, डोलकाठी मोडेल. ती सरळ नसते, पुढे झुकलेली असते. आणि हे पुढचं टोक म्हणजे नाळ."

त्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "तुला काय माहीत?"

"दादा, तुमच्या पणजोबांच्या पडावाची डोलकाठी तशीच होती."

त्याने खोक्यातून पडाव बाहेर काढला आणि तिच्यासमोर खाली बसला.

"पहिल्यापासून सांग," म्हणाला.